गोधडीवरील नावे

मनुष्याला आपल्या नावाचा जितका लोभ असतो तितका दुसऱ्या कशाचा क्वचितच असेल. कोणत्याही जुन्या किल्ल्यावर जावे, तो तटाच्या चिऱ्यांवर खिळ्याने ओरखडलेली आणि रंगाने फासलेली नावे आपल्या स्वागतास उभीच असतात. अलिबागच्या पुळणीवरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. शिवाजीमहाराजांनी १६८० साली ज्याच्या बांधकामास हात घातला, त्या ह्या किल्ल्याच्या तटात प्रचंड चिरे चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले आहेत. तीन शतकांहून अधिक काळ समुद्र त्यांवर आदळत आहे, आणि ते उभे आहेत. ज्या पाथरवटांनी ते घडविले त्यांपैकी एकाचेही नाव आज कोणास सांगता येणार नाही. ज्याने काम केले त्याने नाव लिहिले नाही, आणि ज्याने नाव लिहिले त्याने काम केले नाही!

एवढ्यावरून, नाव न लिहिणे हेच थोरपण, असा निकाल देऊन मोकळे व्हावे असा मोह होतो. आम्हीही पुष्कळ दिवस ह्याच मताचे होतो. परंतु मध्यंतरी अलिबागेहूनच आलेल्या एका पत्राने आमच्या ह्या मताला धक्का दिला.

पत्र आमच्या एका स्नेह्यांच्या कुटुंबाचे होते. त्या बाई तेथील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीपैकी आहेत. त्यांच्या मंडळीचे पाळक बदलून दूर जावयाचे होते, आणि बायकांनी मिळून त्यांस एक गोधडी शिवून द्यावी असे ठरले होते. प्रत्येक घराने आपल्या घरातील कापडाचा एक चौकोन द्यावा, त्यावर आपले नाव दोऱ्याने भरावे, आणि ते सारे चौकोन जोडून गोधडी करावी, अशी योजना. मंडळी हा शब्दच मोठा गोड आहे. आमच्या भाषेत तो उपासनेला जमणाऱ्या समुदायाला लागतो, घरातील माणसांना लागतो, आणि जुन्या वळणाच्या गृहस्थाच्या तोंडी तो त्याच्या पत्नीलाही लागत असे. तेव्हा मंडळींनी मंडळीची गोधडी शिवावी, ह्यात वाद कसला?

पण वाद निघाला. काहींचे म्हणणे पडले की देणगीवर नाव घालणे हे ख्रिस्ताच्या उपदेशाविरुद्ध आहे. एका हाताने केलेला दानधर्म दुसऱ्या हातासही कळू देऊ नये, अशा अर्थाची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. काहींनी सुचविले की नावे घालावयाचीच तर ज्यांनी कापड, कापूस आणि पैसा अधिक दिला त्यांची मध्यभागी, ठळक असावीत. आणि दोन-तीन वृद्ध बायका, ज्यांना अक्षरओळख नाही, त्या म्हणाल्या, "आमचे नाव कशाला? टाके घालू म्हणजे झाले." बाईंनी शेवटी लिहिले होते : "ह्यांपैकी खरे विनयाचे बोलणे कोणाचे, ते तुम्ही सांगावे."

ही चाल मूळची आपल्याकडील नव्हे. अमेरिकेत १८४० च्या सुमारास नावे लिहिलेल्या अशा गोधड्यांची मोठी लाट आली. नवरे पश्चिमेकडे जमिनी शोधीत निघत आणि बायकांना त्यांच्यामागून माहेर, शेजार आणि देऊळ सोडून जावे लागे. पुन्हा भेट होईल अशी आशा थोडीच. अशा वेळी मागे राहणाऱ्या मैत्रिणी एकेका चौकोनावर आपले नाव, गाव आणि तारीख लिहून ती गोधडी तिच्या सामानात घालीत. कापड न खाणारी पक्की शाई त्याच सुमारास सहज मिळू लागली होती, तिचाही ह्या चालीला हातभार लागला. बाल्टिमोर शहरी तर ही कला फार उंचीला पोहोचली, आणि तीत मेथॉडिस्ट पंथाच्या स्त्रियांचा हात मोठा होता. मंडळीतून बदलून जाणाऱ्या धर्मोपदेशकास अशी गोधडी देणे हा पुढे रिवाजच झाला.

ह्या इतिहासातील एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. अमेरिकेच्या शिरगणतीत १७९० पासून १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. १८५० च्या शिरगणतीत प्रथम घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव नोंदले गेले. गुलामांचे तेव्हाही नाहीच. म्हणजे सरकारच्या वहीत ज्या स्त्रियांना नाव नव्हते, त्यांचे नाव त्या काळी गोधडीच्या चौकोनावर लिहिले जात होते. आज तेथील संशोधक जुन्या गोधड्यांवरून त्या बायकांची नावे जुळवितात. आता ह्या लिहिण्याला आपण अहंकार म्हणावयाचे काय?

आमच्याकडे गोधडी आहे, पण तिच्यावर नाव नाही. घाटावर तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, झबली ह्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून आत धावदोऱ्याच्या ओळी घालीत गेले की गोधडी होते. तिचे कूळही मोठे आहे. वैराग्याची कंथा ती हीच. आणि बौद्ध भिक्षूंचे चीवरही तुकडे जोडूनच करीत. मगधातील बांधबंदिस्तीची भातशेते पाहून तसा नमुना चीवरासाठी योजावा असे बुद्धाने आनंदास सुचविले, अशी कथा विनयपिटकात आहे. कापड कापून ठिगळांचे केले म्हणजे त्याचे बाजारातील मोल जाते आणि त्याजवरील लोभही जातो, हा त्यातील हेतू. अलिबागच्या आसपासची खाचरे ज्याने पाहिली आहेत त्याला तो नमुना निराळा समजावून द्यावयास नको. कंथेवर किंवा चीवरावर नाव नसावे हे उघड आहे, कारण नावाचा त्याग करण्यासाठीच ती पांघरावयाची.

परंतु घरातील गोधडीची गोष्ट निराळी. तिच्यावर नाव नसले तरी घरच्यांना ते वाचता येते. हा आजीच्या लुगड्याचा काठ, हे आत्याचे परकर, हे आजोबांचे धोतर, असे बोट ठेवून मूल झोपी जाते. ठिगळ हीच तेथे सही असते. मात्र ही सही वाचणारा एक माणूस गेला की दहा ठिगळे मुकी होतात. आमच्या स्वतःच्या घरी अशी एक गोधडी आहे. ती आमच्या आजीच्या हातची, एवढे आम्हांस ठाऊक आहे. तिचे सासरचे नाव ठाऊक आहे. परंतु लग्नापूर्वी तिला कोणत्या नावाने हाक मारीत, हे सांगणारे आज आमच्या कुळात कोणी उरलेले नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि त्या क्षणी जुने पुसले गेले. जन्मभर तिने उखाण्यात नाव घेतले ते दुसऱ्याचे. तिला लोकांनी हाक मारली ती अमक्याची आई म्हणून. आम्ही तिची गोधडी पांघरून वाढलो, आणि ते नाव विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. ती विनयशील होती, असे आम्ही सांगत आलो. पण तो विनय तिचा होता की ती आमची बेपर्वाई होती?

ह्याच प्रश्नाचा एक मोठा दाखला इतिहासात आहे. १८४१ साली इंग्लंडातून 'राजा' नावाचे जहाज सुमारे १८० बंदिवान स्त्रियांना घेऊन आजच्या टास्मानिया बेटाकडे गेले. एलिझाबेथ फ्राय ह्या परोपकारी बाईंनी स्थापिलेल्या संस्थेने त्या स्त्रियांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांनी २८१५ तुकड्यांचे एक पांघरूण शिवले. आज ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्यावर लेख आहे तो साहित्य पुरविणाऱ्या समितीच्या स्त्रियांचे आभार मानणारा. जहाजाचे नाव आहे, सालही आहे. फक्त ज्यांनी ते शिवले त्यांपैकी एकीचेही नाव नाही. शिवणारणी आपल्या उपकारकर्त्यांचे उपकार स्मरत आहेत, आणि स्वतः 'बंदिवान' ह्या एका शब्दात मावल्या आहेत.

हे गुप्तदान आहे असे कोणी म्हणेल काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. गुप्तता ही ज्याला नाव आहे त्यानेच पाळावयाची असते. ज्याचे नाव दगडावर कोरावयास लोक उत्सुक आहेत, त्याने ते कोरू दिले नाही, तर तो त्याग होय. पण ज्याचे नाव कोणी विचारलेच नाही, त्याच्या मौनाला त्याग म्हणणे म्हणजे उपाशी माणसाच्या उपवासाचे पुण्य मोजण्यासारखे आहे. ख्रिस्ताचा तो उपदेशही, आमच्या समजुतीप्रमाणे, चव्हाट्यावर कर्णा वाजवून भिक्षा घालणाऱ्या दांभिकांना उद्देशून आहे. ज्यांच्या हाती कर्णाच कधी आला नाही, त्यांनी गप्प बसावे असे त्यात कोठेही नाही.

मग नाव लिहावेच, असे ठरवावे काय? येथे दुसऱ्या पक्षाचा विचार केला पाहिजे, कारण त्याचा धोका खरा आहे. आमच्या देवळांच्या पायऱ्या पाहा. एकेका फरशीवर दात्याचे नाव, गाव आणि रक्कम. देवाकडे जाणाऱ्याने ती तुडवीत जावयाचे. सभामंडपातील पंख्याच्या पात्यांवरही देणगीदाराचे नाव रंगविलेले असते. त्या पंख्याने मात्र आम्हांस एक धडा दिला आहे : तो बंद असतो तेव्हा नाव दिसते आणि वारा लागत नाही, चालू झाला की वारा लागतो आणि नाव दिसत नाही. प्रत्युपकाराची इच्छा धरून दिलेले दान राजस होय, असा विवेक गीतेच्या सतराव्या अध्यायात केला आहे. नावलौकिक हाही प्रत्युपकारच नव्हे काय?

गोधडीही ह्या रोगापासून सुटली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील देवळांनी पैसा उभा करण्यासाठी नावे विकण्यास आरंभ केला. दहा सेंट द्यावे आणि आपले नाव गोधडीवर भरून घ्यावे, असा तो व्यवहार. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१७ साली, एका अमेरिकन स्त्री-मासिकाने अशा एका गोधडीवर रेडक्रॉससाठी हजार डॉलर मिळविण्याची योजनाही छापली होती. त्या पैशाने जखमींची सेवा झाली असेल, आणि तिला आम्ही नावे ठेवीत नाही. पण इतके मात्र खरे, की ज्या चौकोनावर पूर्वी मैत्रीण असे तेथे आता वर्गणीदार आला. अलिबागच्या मंडळीत ज्यांनी मोठ्या देणगीदारांची नावे मध्यभागी घालण्याची सूचना केली, त्यांनी नकळत हीच वाट धरली होती.

तेव्हा भेद करावयाचा तो नाव लिहिणे आणि न लिहिणे ह्यांत नसून, नाव कशासाठी लिहिले ह्यात आहे, असे आमच्या ध्यानी आले. मनुष्य दोन प्रकारच्या ठिकाणी आपले नाव लिहितो. एक, जेथे त्याला काही मिळावयाचे असते : किल्ल्याची भिंत, फरशी, पंख्याचे पाते. तेथे नाव म्हणजे हक्क. दुसरे, जेथे त्याने काही देण्याचे मान्य केलेले असते : कर्जरोखा, जामीनपत्र, करारनामा. तेथे नाव म्हणजे बांधिलकी. कर्जरोख्यावर मोठ्या अक्षरात सही केली म्हणून कोणी मिरवीत नाही; सही केली की तो बांधला जातो, एवढेच. मैत्रीच्या गोधडीवरील नाव ह्या दुसऱ्या जातीचे असले पाहिजे. "मी दिले हे लक्षात ठेव" असे जे नाव म्हणते ते भिंतीवरचे. "मी तुला विसरणार नाही, आणि विसरले तर हा माझा हात माझ्यावर साक्ष आहे" असे जे म्हणते ते गोधडीवरचे.

नाव किती मोठी गोष्ट सांगू शकते, ह्याचा दाखला दुसऱ्या महायुद्धातील आहे. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी तेथील युरोपीय नागरिकांना चांगीच्या तुरुंगात कोंडले. बायका एकीकडे, नवरे दुसरीकडे. निरोप पाठविण्यास बंदी. तेव्हा त्या बायकांनी गोधड्या शिवावयास घेतल्या. एकेकीने एकेक चौकोन घ्यावा, त्यावर आपल्या मनातील काही भरावे आणि नाव घालावे. प्रत्येकी ६६ चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या : एक जखमी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक जपान्यांसाठी. त्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या, आणि त्या नावांवरून पलीकडच्या पुरुषांना कळले की आपली माणसे जिवंत आहेत. आज त्यांपैकी दोन कॅनबेरा येथील युद्धस्मारकात आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसपाशी आहे. त्या नावांत कीर्तीची इच्छा शोधणारा मनुष्य फारच दुर्दैवी म्हटला पाहिजे. तेथे नावाचा अर्थ एकच होता : मी आहे.

आणि नाव नसले म्हणजे काय होते, हे पाहावयास अलिबागकरांना सिंगापुरास जावयास नको. जवळच नवगाव आहे. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे जहाज त्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांस तेथेच मूठमाती मिळाली. त्या मृतांपैकी एकाचेही नाव उरले नाही. जे वाचले त्यांचे वंशज तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आणि ज्या ज्या गावी ते वसले त्या गावाचे नाव त्यांनी आपल्या नावास जोडले. किहीमचे केहीमकर झाले, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, आणि तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्या दूरच्या शहरी छापलेल्या पुस्तकावर किहीमचे नाव आहे! १९४८ नंतर ह्या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. अलिबागेत इस्राएल आळी आहे, सभास्थान आहे, माणसे थोडी. पण जे गेले ते आपल्याबरोबर गावाचे नाव घेऊन गेले. गावाने त्यांच्यावर केलेली ती सहीच होय. निघून जाणाऱ्याच्या सामानात मागे राहणाऱ्यांचे नाव असावे, ही भूक अमेरिकेतील त्या मैत्रिणींची तशीच ह्या कोकणातल्या माणसांचीही.

एवढा विचार केल्यावर आम्ही बाईंना उत्तर लिहिले ते असे. नावे अवश्य घाला. पण सर्व चौकोन एका मापाचे आणि सर्व अक्षरे एका उंचीची असू द्या. कोणी किती दिले ह्याचा हिशेब मंडळीच्या वहीत राहो, गोधडीवर नको. मध्यभागी कोणाचेही नाव घालू नका. आणि ज्यांना मनापासून आपले नाव नको असेल त्यांच्यावर जुलूम करू नका. त्यांच्यासाठी एक कोरा चौकोन सोडा, म्हणजे त्यांचा त्यागही गोधडीत राहील. मात्र तो कोरा चौकोन ज्याने त्याने स्वतः मागून घेतला पाहिजे. दुसऱ्याने कोणाच्या वतीने तो देऊ नये.

राहता राहिल्या त्या निरक्षर वृद्ध बायका. त्यांच्याविषयी आम्ही मुद्दाम सविस्तर लिहिले. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्याला लिहिता येत नसे तोही सही केल्यावाचून राहत नसे. कुणबी नांगराची आकृती काढी, आणि बाई असेल तर ती बांगडीची निशाणी करी. खत लिहिणाऱ्याने शेजारी तिचे नाव लिहावे, आणि तिने एक वर्तुळ काढावे. ते वर्तुळ कायद्याने तिचेच. तेव्हा ह्या बायकांचे नाव दुसऱ्या कोणाच्या अक्षरात भरून मोकळे होऊ नका. त्यांच्या चौकोनावर त्यांना आपल्या हाताने, आपल्या टाक्याने, एक बांगडी भरू द्या. अक्षरे शेजारी कोणीही भरावी. पण त्याआधी त्यांना जवळ बसवून विचारा की कोणते नाव भरू, सासरचे की माहेरचे.

काही दिवसांनी बाईंचे उत्तर आले. गोधडी पुरी झाली होती. देणगीदारांपैकी एक गृहस्थ थोडे रुसले, पण त्यांच्या पत्नीने आपला चौकोन आणून दिला. कोरा चौकोन दोघांनी मागितला, आणि ते दोघेही नावे नकोत म्हणून भांडणाऱ्यांपैकी नव्हते. वृद्ध बायकांतील सर्वांत वडील बाईने लाल दोऱ्याने बांगडी भरली. नाव विचारले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने जे नाव सांगितले ते तिच्या सुनेने आणि नातवंडांनी त्या दिवशी प्रथमच ऐकले.

ते वाचून आम्ही आमच्या घरची जुनी गोधडी काढून पाहिली. बांगडी कोठे सापडली नाही. टाके मात्र अजून एकसारखे आहेत. तिचे नाव आता आम्हांस कळावयाचे नाही. पण ज्या वाचकांच्या घरी जिला विचारता येईल अशी एखादी वृद्ध स्त्री अजून असेल, त्यांनी हा अंक घटकाभर बाजूस ठेवावा आणि आधी तिचे माहेरचे नाव विचारून घ्यावे.